पॅनेल सगळ्यात शेवटी : घर आणि दुकानासाठी चोरीचा अलार्म निवडताना

अलार्म बसवायचं ठरवलेला माणूस बहुतेक वेळा पहिला प्रश्न हाच विचारतो, "पॅनेल कुठलं घेऊ?" पॅनेल म्हणजे सगळे सेन्सर आणि सायरन जिला जोडतात ती मुख्य पेटी. आम्ही त्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात शेवटी देतो. पॅनेलला काय कळणार ते दारं-खिडक्यांवर ठरतं आणि त्याच्या ओरडण्याचा उपयोग किती, ते ऐकून धावणाऱ्या माणसावर. म्हणून काम उलटीकडून सुरू करायचं: वाजल्यावर कोण येणार, चोर कुठून शिरणार, तिथे कुठला सेन्सर टिकेल, वायर कुठून जाईल, वीज गेल्यावर हे सगळं किती तास तग धरेल. एवढं कागदावर उतरलं की पॅनेल जवळजवळ आपोआप ठरतं.

समजायला सोपं जावं म्हणून एकच जागा धरून चालू, जिच्यात घर आणि धंदा दोन्ही आहेत. खाली दुकान, समोर लोखंडी शटर आणि बाजूला काचेची दर्शनी खिडकी. मागे पत्र्याच्या छपराचं गोदाम, त्याला लोखंडी दार आणि वर एक झरोका. आतूनच वर जाणारा जिना, जिन्याच्या तोंडाशी दार. वर राहतं घर: मुख्य दार, बाल्कनीचं सरकतं दार, गच्चीचं दार, मागच्या अंगाला ग्रिल असलेल्या दोन खिडक्या. घरात एक मांजर.

आता पहिला प्रश्न. वाजल्यावर कोण येणार? शेजारी येणार असतील तर बाहेरचा सायरन आणि लखलखणारा दिवा यांना अर्थ आहे. पण शेजाऱ्यांशी आधी बोलून ठेवावं लागतं, नाहीतर दोन वेळा उगाच वाजल्यावर तिसऱ्यांदा कोणी खिडकीही उघडत नाही. मालक स्वतः येणार असेल आणि तासाभराच्या अंतरावर राहत असेल, तर बाहेरच्या सायरनपेक्षा आतला महत्त्वाचा. बंद खोलीत 110 डेसिबलचे दोन हूटर वाजू लागले की आत थांबणं अवघड होतं, बाहेरच्या साथीदाराची हाक ऐकू येत नाही आणि चोराला कपाटं उचकायला मिळणारा वेळ घटतो. बाहेर मोकळ्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज 6 डेसिबलनं पडतो. एक मीटरवर 110 असलेला सायरन 32 मीटरवर साधारण 80 राहतो, आणि मध्ये भिंत किंवा बंद खिडकी आली की त्याहून बराच कमी. जाहिरातीतला आकडा एक मीटरवरचा असतो, हे लक्षात ठेवूनच तो वाचायचा.

तिसरा पर्याय मॉनिटरिंग केंद्राचा, म्हणजे लोकांच्या अलार्मवर दुरून लक्ष ठेवणाऱ्या कंपनीचा. तिथे पॅनेल ठरलेल्या सांकेतिक आकड्यांत निरोप पाठवतं. कॉन्टॅक्ट आयडी ही जुनी आणि अजून सर्रास चालणारी पद्धत. तिच्यात 130 म्हणजे घुसखोरी, 301 म्हणजे वीज गेली, 302 म्हणजे बॅटरी उतरली, 401 म्हणजे कोणीतरी यंत्रणा आर्म (पहाऱ्यावर चालू) किंवा डिसआर्म (बंद) केली. केंद्राशी बोलताना एकच गोष्ट खोदून विचारा: एका सेन्सरवर तुम्ही काय करता आणि ठरलेल्या वेळात दोन वेगळ्या सेन्सरवर काय करता? दुसऱ्या सेन्सरनं दुजोरा दिल्याशिवाय पोलिसांना कळवत नाही, असं बऱ्याच केंद्रांचं धोरण असतं. तसं असेल तर प्रत्येक शिरण्याच्या वाटेवर एकामागे एक असे दोन सेन्सर हवेतच. ही गोष्ट सेन्सर विकत घेतल्यावर कळली तर सगळा नकाशा पुन्हा काढावा लागतो.

मोबाइलवरच्या ॲपबद्दल आमचं मत जरा कडू आहे. रात्री फोन शांत ठेवलेला असतो आणि ॲपची सूचना उजाडल्यावर दिसते. पॅनेलनं थेट फोन लावला पाहिजे, तोही एकापाठोपाठ तीन-चार नंबरांवर, आणि पॅनेलचा नंबर फोनमध्ये असा नोंदवायचा की शांत मोडमध्येही घंटी वाजेल. सूचना जोडीला असू द्या.

मग जागेची पाहणी. ती दोनदा करायची, एकदा दुपारी आणि एकदा अंधार पडल्यावर, आणि दोन्ही वेळा बाहेरून सुरुवात करायची. मालक आपल्या घराकडे नेहमी आतून पाहतो. बाहेरून पाहिलं की एसीच्या बाहेरच्या युनिटची पायरी होते, सांडपाण्याच्या पाइपची शिडी होते, आणि गोदामाच्या पत्र्यावरून वरची बाल्कनी हाताशी येते. आमच्या नमुन्याच्या जागेत हीच वाट सगळ्यात सोपी आहे. समोरच्या शटरची काळजी सगळे करतात आणि बाल्कनीच्या सरकत्या दाराची खिट्टी अर्धी लागलेली असते. आत आल्यावर वहीत टिपायच्या गोष्टी: प्रत्येक दार लाकडी की लोखंडी, बंद असताना चौकटीशी फट किती मिलिमीटर, एसीचा झोत कुठे पडतो, पंख्याखाली काय फडफडतं, दुपारी ऊन कुठल्या भिंतीवर येतं, मांजर कुठे झोपते. हे शेवटचं लोक हसण्यावारी नेतात आणि पहिला खोटा अलार्म बहुधा तिथूनच येतो.

दारांसाठी मॅग्नेटिक कॉन्टॅक्ट. चौकटीवर रीड स्विच (चुंबक जवळ असेपर्यंतच जुळून राहणारा छोटा स्विच), दारावर चुंबक. साध्या पृष्ठभागावर बसवायच्या कॉन्टॅक्टची चालण्याची फट साधारण 15 ते 20 मिलिमीटर असते, पण ती लाकडावर. लोखंडी दारावर चुंबकाचं बळ पत्राच पिऊन टाकतो आणि तोच कॉन्टॅक्ट निम्म्या अंतरावरही पकडत नाही. त्यामुळे गोदामाच्या दाराला मोठ्या फटीचा, लोखंडासाठीच बनवलेला कॉन्टॅक्ट हवा. साधाच वापरायचा झाला तर चुंबकाखाली प्लास्टिकचा ठोकळा देऊन तो पत्र्यापासून उचलावा लागतो. कॉन्टॅक्ट बिजागरीच्या बाजूला लावणं ही नेहमीची चूक. तिथे दार हातभर उघडलं तरी चुंबक जेमतेम हलतो. कडीच्या बाजूला, वरच्या कोपऱ्यात लावायचा. पावसाळी हवेत लाकडी दार फुगतं आणि थंडीत आकसतं, म्हणून फट मोजताना तीन-चार मिलिमीटर हातचे ठेवायचे.

शटरची कथा वेगळी. त्याचा कॉन्टॅक्ट जमिनीत किंवा बाजूच्या पट्टीवर बसतो, जाड ॲल्युमिनियमच्या कवचात, वायरला स्टीलची लवचिक नळी. वाऱ्यानं शटर खडखडतं. फट काठावर असेल तर प्रत्येक झुळकीला सर्किट तुटतं. उपाय दोन: फट मोठी असलेला कॉन्टॅक्ट, आणि पॅनेलमध्ये त्या झोनचा (पॅनेल स्वतंत्रपणे ओळखतं त्या एका जोडणीचा) प्रतिसादाचा वेळ 400 मिलिसेकंदांच्या आसपास. वेळ फार वाढवून खडखडाट लपवायचा मोह टाळा, कारण मग खरं उघडणंही उशिरा कळेल. दुसरा घोळ असा की शटर हेच येण्याजाण्याचं दार असेल तर कीपॅड आत राहतो आणि माणूस बाहेर. बंद करताना ते जमतं: कीपॅडवर कोड द्यायचा, बाहेर पडायचं, शटर खाली आलं आणि कॉन्टॅक्ट जुळला की यंत्रणा आर्म. उघडताना मात्र रिमोटनं आधी डिसआर्म करायचं किंवा आत शिरून कीपॅड गाठायला 30 सेकंद द्यायचे. आम्ही दुसरं निवडतो. रिमोट किल्लीच्या जुडग्यात असतो आणि जुडगा हरवला की दुकानाची किल्ली आणि अलार्म दोन्ही एकाच माणसाच्या हाती जातात.

काचेच्या दर्शनी खिडकीला कॉन्टॅक्ट लावून काही साधत नाही, ती उघडतच नाही. तिथे काच फुटल्याचा आवाज ओळखणारा सेन्सर. काच आधी दबते तेव्हा खोल, जड ठोका होतो आणि लगेच फुटण्याचा तीव्र किणकिणाट. चांगला सेन्सर हे दोन्ही त्याच क्रमानं आले तरच वाजतो. त्याचा टप्पा साधारण 6 ते 7 मीटर, समोर जाड पडदा नको. लॅमिनेटेड काच (दोन काचांमध्ये प्लास्टिकचा पापुद्रा असलेली) तशी किणकिणत नाही, म्हणून सेन्सरच्या कागदावर त्या काचेचा उल्लेख आहे का ते आधी वाचा. वरच्या ग्रिलवाल्या खिडक्यांना आम्ही कंपन टिपणारे सेन्सर सुचवतो, कारण ग्रिल कापायला किंवा उचकटायला वेळ लागतो आणि चोर अजून बाहेर असतानाच आपल्याला कळतं. ते ग्रिलच्या पट्टीवर लावायचे नाहीत, पक्षी बसला तरी वाजतील. ग्रिल ज्या चौकटीला किंवा भिंतीला घट्ट धरलेली आहे तिथे, आणि संवेदनशीलता सगळ्यात कमीवरून हळूहळू चढवत न्यायची.

आता पीआयआर, ज्याला सगळे नुसतं "मोशन सेन्सर" म्हणतात. निवडताना आणि बसवताना सगळ्यात जास्त चुका यात होतात, म्हणून इथे जरा थांबू.

पीआयआर स्वतः काही सोडत नाही. अंगाच्या उष्णतेचे साधारण 10 मायक्रॉनच्या आसपासचे किरण तो पाहतो. समोरची पांढरी भिंगपट्टी खोलीचे पंख्याच्या पात्यांसारखे पट्टे पाडते आणि आतल्या दोन तुकड्यांच्या घटकाला "या पट्ट्यातून त्या पट्ट्यात काहीतरी ऊबदार गेलं" एवढंच कळतं. यातून तीन गोष्टी निघतात. आडवं चालणारा माणूस चटकन सापडतो, थेट सेन्सरकडे चालत येणारा उशिरा. म्हणून तो दाराच्या समोरच्या भिंतीवर लावण्याऐवजी अशा कोपऱ्यात लावायचा की आत शिरणाऱ्याची वाट त्याला आडवी दिसेल. दुसरी, काचेतून त्याला दिसत नाही. खिडकीबाहेरचा माणूस पकडायला आत पीआयआर लावणं व्यर्थ. तिसरी, खोलीचं तापमान 35 अंशांच्या वर गेलं की अंग आणि भिंत यांतला फरकच मिटतो. पत्र्याखालचं गोदाम उन्हाळ्यात रात्रीही तापलेलं राहतं. तिथे तापमानानुसार स्वतःला जुळवून घेणारा सेन्सर घ्यायचा, आणि शक्यतो जोडीला मायक्रोवेव्ह, म्हणजे स्वतः रेडिओलहरी सोडून हालचाल टिपणारा भाग, असलेला.

उंची 2.1 ते 2.4 मीटर, पोच साधारण 12 मीटर, कोन 90 अंशांच्या आसपास. बहुतेक घरगुती पीआयआर याच चौकटीत असतात. आमच्या अनुभवात पोच कधीच कमी पडत नाही, आडोसे जास्त होतात. दुकानात रिकाम्या दिवशी उत्तम चालणारा सेन्सर माल आल्यावर खोक्यांमागे आंधळा होतो. मोजायचं ते भरलेलं दुकान धरून. आणि एसीच्या झोतासमोर, उन्हाचा कवडसा येईल तिथे, हलत्या पडद्यासमोर तो लावायचा नाही, हे सगळ्यांना माहीत असतं तरी वायर तिथवर सोपी जाते म्हणून लावला जातो.

मांजरीचं काय? "25 किलोपर्यंतच्या प्राण्याला चालेल" असं खोक्यावर लिहिलेलं असतं, पण सेन्सर वजन करत नाही. जमिनीलगतच्या उष्ण ठिपक्याकडे दुर्लक्ष करायचं, एवढंच तो करतो. मांजर कपाटावर चढली की तिचा ठिपका माणसाच्या छातीच्या उंचीवर येतो. असे सेन्सर सांगितलेल्या उंचीवरच, अजिबात न झुकवता लावायचे असतात. फिरणाऱ्या ब्रॅकेटवर बसवून खाली वाकवला की तो गुण संपला. वरच्या पॅसेजमध्ये आम्ही असा सेन्सर जिन्याकडे तोंड करून लावतो, जिथे मांजरीला चढायला काही नाही.

गोदामासाठी ड्युअल सेन्सर, म्हणजे पीआयआर आणि मायक्रोवेव्ह. दोघांनाही एकाच वेळी पटलं तरच अलार्म. त्यामुळे गरम हवेची झुळूक किंवा पत्र्याचा थरकाप यांनी तो सहसा फसत नाही. पण मायक्रोवेव्ह काचेतून, प्लायवूडमधून, पातळ भिंतीतून पलीकडे जातात. पोचेचा नॉब कारखान्यातून येतो तसाच पूर्ण ठेवला तर भिंतीपलीकडचा रस्ताही तो पाहत बसतो, आणि मग प्लास्टिकच्या पाइपमधून वाहणारं पाणी, जळती ट्यूबलाइट हेही त्याला हालचाल वाटतं. नॉब कमी करत यायचं आणि गोदामाच्या टोकाचा माणूस जेमतेम सापडेल तिथे सोडायचं.

एवढ्यावर मोजदाद होते. खाली शटर, काच, दुकानातला पीआयआर, गोदामाचं दार, गोदामातला ड्युअल, जिन्याचं दार, काउंटरखालचं पॅनिक बटण (धोक्याच्या वेळी हातानं दाबायचं): सात झोन. वर मुख्य दार, बाल्कनी, गच्ची, ग्रिलच्या दोन खिडक्या, पॅसेजचा पीआयआर, झोपण्याच्या खोलीतलं पॅनिक बटण: आणखी सात. दोन-तीन दारं एका झोनवर एकामागे एक जोडून पैसे वाचवता येतात. फक्त मध्यरात्री कीपॅडवर "झोन 3" दिसल्यावर तिघांतलं कुठलं उघडलं ते कळत नाही, आणि एक कॉन्टॅक्ट बिघडला तर तिन्ही दारांचा पहारा बंद ठेवावा लागतो. आम्ही प्रत्येक दाराला स्वतंत्र झोन देतो. चौदा झाले, म्हणजे सोळा झोनचं पॅनेल, आणि त्याला दोन स्वतंत्र विभाग हवेत, कारण रात्री दुकान पूर्ण आर्म असतं तेव्हा वर माणसं वावरत असतात. वरच्या विभागाला रात्रीचा अर्धा मोड: कडेची दारं-खिडक्या चालू, पॅसेजचा पीआयआर बंद.

वायर की वायरलेस? नवं बांधकाम असेल किंवा रंगकाम व्हायचं असेल तर वायर, वाद नाही. राहत्या, रंगवलेल्या घरात वायरलेसला पर्याय नसतो. पण वायरलेसमध्ये दोन जाती आहेत. स्वस्तातले सेन्सर एकदाच ओरडून झोपी जातात. पॅनेलनं ऐकलं की नाही ते त्यांना कळत नाही, त्यांचा संकेत दर वेळी तोच असतो आणि तो कोणी टिपून पुन्हा वाजवू शकतं. दुसऱ्या जातीचे दोन्ही बाजूंनी बोलतात, संकेत दर वेळी बदलतात, ठरावीक अंतरानं हजेरी देतात आणि कोणी लहरी दाबून टाकल्या तर पॅनेल तक्रार करतं. विकणाऱ्याला विचारा: हजेरी किती वेळानं, आणि किती हजेऱ्या चुकल्यावर तुम्हाला कळवतो? उत्तर अडखळलं तर पहिली जात समजा. लहरींची परवानगी असलेली पट्टी देशागणिक वेगळी असते, 433, 868 किंवा 915 मेगाहर्ट्झ. बाहेरून मागवलेलं खोकं इथे वापरता येईलच असं नाही. बॅटरी सेन्सरच्या कामावर अवलंबून. दुकानात दिवसभर माणसं फिरतात. पीआयआर डिसआर्म असतानाही दर हालचालीला निरोप पाठवणारा असेल तर बॅटरी वर्षातच संपते. मधली काही मिनिटं गप्प राहणारा मॉडेल निवडायचा. आणि लोखंडी शटर, मोठा आरसा, स्टीलचं कपाट मध्ये असेल तर सेन्सर हातात धरून पॅनेलवर सिग्नलची ताकद बघितल्याशिवाय भोक पाडायचं नाही.

आमच्या नमुन्याच्या जागेत खाली वायर आणि वर वायरलेस असा मिश्र मार्ग जमला असता, पण चालू कामात आपण सगळी वायरच धरली आहे.

वायरिंगमध्ये एक जुनी गोष्ट आठवण्यासारखी आहे. 1853 मध्ये अमेरिकेत ऑगस्टस रसेल पोप यांनी विजेच्या घरफोडी-घंटेचं पेटंट घेतलं; 1857 मध्ये एडविन होम्स यांनी ते हक्क विकत घेऊन त्याचा धंदा उभारला. पोपच्या रचनेत दार उघडलं की सर्किट जुळायचं आणि घंटा वाजायची. म्हणजे वायर आधीच कापली तर घंटा कायमची गप्प. आजची दारं उलट जोडलेली असतात: बंद दाराला सर्किट जुळलेलं, उघडलं किंवा कापलं की तुटलेलं. मग चोरानं कापण्याऐवजी दोन वायरी एकमेकींना जोडल्या तर? त्यासाठी टोकाचा रेझिस्टर, म्हणजे ठरावीक रोध देणारा छोटा भाग. सेन्सरच्या आत एक किलो-ओहमचा एक रेझिस्टर ओळीत आणि एक अलार्मच्या संपर्काला समांतर लावला की पॅनेलला चार अवस्था वेगळ्या दिसतात: 1 किलो-ओहम म्हणजे ठीक, 2 म्हणजे अलार्म, शून्य म्हणजे वायर जोडली, अनंत म्हणजे कापली. आकडे पॅनेलप्रमाणे बदलतात, तत्त्व तेच. आणि हे रेझिस्टर सेन्सरच्या पोटातच हवेत. घाईत ते पॅनेलच्या पेटीत लावले जातात. मीटरवर सगळं बरोबर दिसतं आणि संरक्षण शून्य. काम ताब्यात घेताना एक सेन्सर उघडून बघा, दोन मिनिटांचं काम आहे.

वायर साधारण 0.22 चौरस मिलिमीटरची, सहा किंवा आठ तारांची. तिचा रोध मीटरमागे सुमारे 0.08 ओहम. सेन्सरला याची फिकीर नाही: 40 मीटर दूरचा ड्युअल सेन्सर 25 मिलिअँपिअर खातो, जाण्यायेण्याचे 80 मीटर म्हणजे 6.4 ओहम, घट 0.16 व्होल्ट. सायरनचं मात्र बिघडतं. 30 मीटरवरचा सायरन 400 मिलिअँपिअर घेत असेल तर 60 मीटरचे 4.8 ओहम आणि घट 1.9 व्होल्ट. वीज असताना 13.8 मधून तेवढे गेले तरी चालतं. बॅटरी 11 वर आलेली असेल तर सायरनला 9.1 मिळतात आणि तो ओरडण्याऐवजी घरघरतो. सायरनला प्रत्येक ध्रुवासाठी दोन-दोन तारा जोडायच्या, घट निम्मी होते. अलार्मची वायर विजेच्या वायरीबरोबर एकाच पट्टीतून नेऊ नका, हे सांगायला नको, तरी नेतात.

बॅटरीचा हिशेब बहुतेक कोटेशनमध्ये नसतो, म्हणून स्वतः करा. पॅनेल 120 मिलिअँपिअर, दोन कीपॅड 80, दोन पीआयआर 24, ड्युअल 25, काचेचा 20, कंपनाचे दोन 20, फोरजी मॉड्यूल 60, बाहेरचा सायरन शांत असताना 25. बेरीज 374. नेहमीची 12 व्होल्ट 7 अँपिअर-अवरची बॅटरी यावर कागदावर पावणेएकोणीस तास चालते. पण ती नवी असताना. क्षमता 60 टक्क्यांवर आली आणि एकदा पंधरा मिनिटं सगळे सायरन वाजले की साडेदहा तास उरतात. युरोपात चालणाऱ्या ईएन 50131 या मानकात धोक्याप्रमाणे चार दर्जे आहेत आणि घरासाठी सर्रास धरल्या जाणाऱ्या दुसऱ्या दर्जाला वीज गेल्यावर 12 तासांची अट आहे. ते मानक तुमच्याकडे लागू नसलं तरी खालची मर्यादा म्हणून आकडा चांगला आहे. तुमच्याकडे वीज दिवसभर जात असेल तर 24 तास धरा. मग 7 ची बॅटरी पुरत नाही, 17 ची लागते, आणि तेवढी मोठी बॅटरी पॅनेलचा चार्जर भरू शकतो का, पेटीत मावते का, हे दोन प्रश्न पॅनेल निवडताना येतात. विमा उतरवलेला असेल तर दर्जाबद्दल विमा कंपनीची अट लेखी मागून घ्या, आणि ती पॅनेल घेण्याआधी.

निरोपाचा मार्ग एकच ठेवू नका. इंटरनेट आणि सिम दोन्ही हवीत. वीज गेली की राउटर बंद पडतो, त्याला वेगळी बॅकअप बॅटरी लागते. पॅनेलची बॅटरी तिथवर पोचत नाही. बऱ्याच देशांत जुनी टूजी-थ्रीजी सेवा बंद झाली किंवा होते आहे, म्हणून मॉड्यूल फोरजी. आणि सिम! वर्षभर कोणी त्यावर बोलत नाही, रिचार्ज विसरतो, सिम बंद पडतं, आणि पॅनेलवर कोणाचं लक्ष नसतं. रोज एक चाचणी-निरोप पाठवायची सोय असेल ती चालू करा. सिमचा पिन आधीच काढून टाका. पॅनेल रीस्टार्ट झालं की पिन विचारत बसतं.

आता पॅनेल. सोळा झोन, दोन विभाग, दोन रेझिस्टरची पद्धत, दोन मार्गांनी निरोप, मोठ्या बॅटरीला पुरेसा चार्जर, धमकावून कोड मागितल्यास द्यायचा वेगळा कोड, आणि किमान काही शे घटनांची तारीखवार नोंद. या चाळणीतून तीन-चार मॉडेलच उरतात. त्यांच्यात निवड करताना आम्ही कीपॅड घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाच्या हाती देतो. कोणी न शिकवता त्यांना रात्रीचा मोड लावता आला तर ते पॅनेल रोज वापरलं जाईल. विक्रेत्याला विचारायचं ते असं: इंजिनिअर कोड (पॅनेलची मूळ मांडणी बदलायचा) माझ्याकडे राहील का? तुम्ही धंदा बंद केलात तर दुसरा कोणी हे पॅनेल उघडू शकेल का? कंपनीचा सर्व्हर बंद पडला तर सायरन आणि फोन चालतील का? तिसऱ्याला "नाही" असेल तर ते खोकं कितीही देखणं असो, परत ठेवा.

बसवून झाल्यावर घाईनं सही करू नका. वॉक टेस्ट (सायरन न वाजवता चालून सेन्सर तपासायचा मोड) लावून प्रत्येक खोलीत सावकाश, वाकून, भिंतीकडेनं चाला. सेन्सरचा दिवा कुठे लागतो ते नकाशावर खुणा करा, मग दिवे बंद करून टाका, नाहीतर दुकानात आलेला कोणीही आंधळी जागा शोधू शकतो. वीज काढून पॅनेल रात्रभर बॅटरीवर ठेवा आणि सकाळी मीटरनं व्होल्टेज मोजा. 12 च्या खाली असेल तर हिशेब पुन्हा. बाहेरच्या सायरनची वायर काढून बघा: स्वतःची बॅटरी असलेला सायरन तेव्हा वाजलाच पाहिजे. राउटर बंद करून सिमवरून फोन येतो का ते पाहा. कारखान्यातून आलेले कोड बदला, इंजिनिअर कोडसकट.

मग पंधरा दिवस मुरू द्यायचे. यंत्रणा आर्म करायची, पण बाहेरचा सायरन आणि केंद्राकडचा निरोप बंद. रोज सकाळी नोंदी वाचा. एकच झोन रोज पहाटे एकाच वेळी वाजत असेल तर ऊन, एसी किंवा शेजारचा पंप. अनियमित वाजत असेल तर आधी भिंगावरचा कोळी आणि आतली पाल, मग सैल स्क्रू, मग जंक्शन बॉक्समधलं पाणी. पावसानंतरच वाजत असेल तर थेट जंक्शन बॉक्स. एकाच झोननं एका रात्रीत तीनदा अलार्म दिल्यावर त्याला सकाळपर्यंत गप्प करण्याची सोय बहुतेक पॅनेलांत असते; ती चालू ठेवा, पण त्यानं गप्प केलेला झोन कोणता ते सकाळी नोंदीत पाहिल्याशिवाय सोडू नका. पंधराव्या दिवशी नोंद स्वच्छ असेल तर सायरन जोडायचा. नसेल तर घड्याळ पुन्हा पहिल्या दिवसावर.

पेटीच्या दाराच्या आतल्या बाजूला झोनची यादी, वायरींचा नकाशा आणि रेझिस्टरचे आकडे चिकटवा. बॅटरीवर मार्करनं बसवल्याची तारीख लिहा. बॅटरी साधारण तीन ते पाच वर्षांनी बदलायची, आणि पेटी पत्र्याच्या गोदामात असेल तर तीनच धरा. कोड मात्र त्या कागदावर लिहायचे नाहीत.